'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांसाठी



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघू नका म्हणून दम भरला, मग सुट्टीत नातवंडं आली... असो. आज लिहायला बसले आहे ती मात्र जरा रागातच. नातेवाईक मंडळींनी आधीच माफ करावं, कारण हा राग घरातलाच आहे.

तर झालं असं, की आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने जुने फोटो टाकले. २०१८ साली तो ब्रह्मदेशात फिरून आला होता, तेव्हाचे. (आता म्यानमार म्हणतात, पण माझ्या तोंडी ब्रह्मदेशच बसलाय.) पगानची देवळं होती ती. इरावतीच्या काठी विटांची शिखरंच शिखरं! तीन हजारांहून जास्त वास्तू आहेत तिथे, आणि २०१९ साली त्यांची जागतिक वारशात नोंदही झाली. फोटो खरोखर सुंदर होते. त्यात धम्मयांजी नावाचं एक अवाढव्य देऊळ होतं आणि त्याखाली आमच्या चिरंजीवांनी लिहिलं होतं, की हे बांधणाऱ्या राजाने बापाला अंथरुणात गुदमरवून मारलं आणि भावाला विष घातलं. पुढचं वाक्य असं: 'या लोकांच्या रक्तातच आहे. अजून बघा तिकडे काय चाललंय.'

त्यावर एकोणीस अंगठे! एका वहिनींनी तर 'आपण किती भाग्यवान' असंही लिहिलं.

मी फक्त 'बाळ, यावर सविस्तर लिहीन' एवढंच उत्तर दिलं. त्यावर जाऊबाईंनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. म्हणजे काय ते समजून घ्या. :)

आता आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते, कारण पुतण्या जे बोलला ते मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं आहे.

आमच्या शाळेची सहल दर एक-दोन वर्षांनी रत्नागिरीला जायची. पावस, गणपतीपुळे आणि थिबा पॅलेस हे ठरलेलं. राजवाड्याच्या ओसरीवर मुलांना बसवून मी थिबा राजाची गोष्ट सांगायची. ती गोष्ट अशी: हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८७८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या सुमारे ८० नातेवाइकांची कत्तल झाली. असा हा क्रूर दरबार! म्हणून इंग्रजांनी त्याला पदच्युत करून इथे आणून ठेवलं. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. मग डबे उघडायचे.

एका वर्षी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण मारली ती त्याची माणसं. इंग्रजांचं कोण मारलं होतं त्याने?"

मी तिला काय सांगितलं असेल? "आधी डबा खा, उशीर होतोय."

तो प्रश्न तेव्हा मी झटकला, पण मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा वाचनालयातून ब्रह्मदेशावरची पुस्तकं आणायला लागले. माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं, त्यामुळे इंग्रजी पुस्तक म्हणजे मांडीवर शब्दकोश घेऊनच वाचायचं. पण वाचलं. आणि त्या मुलीचा प्रश्न किती बरोबर होता ते कळलं.

कत्तल झाली १८७९ला. इंग्रजी फौजा चालून गेल्या १८८५च्या नोव्हेंबरमध्ये. दयेपोटी जायचं होतं, तर मधली सहा वर्षं कशाची वाट बघत होते? खरं कारण होतं सागवान. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या कंपनीला थिबाच्या दरबाराने सागाच्या ओंडक्यांवरून मोठा दंड ठोठावला होता. शिवाय थिबा फ्रेंचांशी जवळीक करतोय ही धास्ती होतीच. १ जानेवारी १८८६ रोजी मुलुख खालसा झाल्याचं जाहीरही झालं. पण सागवानासाठी राज्य घेतलं असं कोण सांगेल? त्यापेक्षा 'ते रानटी आहेत, त्यांच्या घराण्यात असंच चालतं' हे सांगायला बरं. तो राजा १९१६ साली रत्नागिरीतच वारला, आणि त्याची ती बदनामी मी त्याच्याच ओसरीवर बसून मुलांना पाठ करून देत होते.

म्हणून 'रक्तातच आहे' हे वाक्य कुणी बोललं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ते नुसतं अज्ञान नाही. एका चोराने आपली चोरी झाकायला वापरलेली सबब आहे ती, आणि आपण ती फुकटात पुढे ढकलतोय.

'काकू, थिबाचं राहू दे, पगानचं काय? ते तर इंग्रजांच्या कितीतरी आधीचं,' असं पुतण्या म्हणेल. म्हणू दे. तर आता पगानच बघू. आणि मी काही लपवणार नाही. जे वाईट आहे ते सगळं आधी मांडते.

पगानचं साम्राज्य उभं केलं अनोरथाने. त्याच्या मृण्मय मुद्रांवर त्याचं नाव 'अनिरुद्ध' असं येतं, म्हणजे आपल्याच ओळखीचं. १०४४ साली तो राजा झाला तोच सावत्र भाऊ सोक्काते याला द्वंद्वात मारून. त्याआधी या सोक्कातेने आणि त्याच्या भावाने मिळून अनोरथाच्या बापाला मठात बोलावून घेतलं आणि जबरदस्तीने भिक्षू केलं, अशी कथा आहे.

अनोरथानंतर त्याचा मुलगा सॉलू. त्याच्या दाईचा मुलगा यमनकान हा त्याचा लहानपणचा सवंगडी, पेगूचा सुभेदार. बखरीत लिहिलंय की दोघे फासे खेळत होते. यमनकान जिंकला आणि आनंदाने उड्या मारायला लागला. सॉलू चिडून म्हणाला, एवढा शहाणा असशील तर पेगू घेऊन माझ्याविरुद्ध बंड करून दाखव. त्याने दाखवलं! सॉलू पकडला गेला. त्याला सोडवायला सेनापती क्यान्सित्था रात्री शत्रूच्या छावणीत घुसला आणि त्याला पाठुंगळी घेऊन निघाला. पण सॉलूच्या मनात आलं, हा मला मारून राजा होणार. यमनकान तर माझ्या दाईचा मुलगा. त्याने तिथेच आरडाओरडा केला. क्यान्सित्था निसटला, आणि यमनकानने सॉलूला मारलं. हे १०८४ साल.

पुढे ११६७. अलाउंगसिथू राजा म्हातारा आणि आजारी. मुलगा नरथू याने त्याला वाड्यातून हलवून देवळात ठेवलं, आणि म्हातारा शुद्धीवर येऊन संतापला तेव्हा त्याचा श्वास कोंडून मारलं. थोरला भाऊ मिनशिनसॉ सैन्य घेऊन येत होता. नरथूने पंथगू नावाच्या महास्थविरांना मध्ये घातलं आणि शपथ घेतली, की भाऊ आला तर मी त्याची तलवार खांद्यावर घेऊन त्याला सिंहासनापर्यंत नेईन. शब्दशः तसंच केलं. तलवार घेतली, सिंहासनावर बसवलं, आणि त्याच रात्री जेवणातून विष दिलं.

पुतण्याने सांगितला तो हाच राजा.

मग नरथूचा मुलगा नरथेंखा. याचं नाव म्हणजे आपलं 'नरसिंह'च. त्याने धाकट्या भावाला सरहद्दीवर पाठवून त्याची बायको ठेवून घेतली. भावाने माणसं पाठवून त्याला मारवलं, आणि ११७४ साली तो भाऊ नरपतिसिथू म्हणून गादीवर बसला.

आणि शेवट १२८७ला. मंगोलांच्या स्वाऱ्यांपुढे पळालेला राजा नरथिहपते. त्याला प्रोमच्या सुभेदाराने, म्हणजे त्याच्याच मुलाने, विष प्यायला लावलं.

झाली यादी. मोठी आहे ना? मग बाई कशाच्या जोरावर बोलतायत? सांगते.

पहिली गोष्ट. हे सगळं लिहिलं कुणी आणि कधी? मी वर ज्याला बखर म्हणाले, ती 'ह्मन्नान याझविन', म्हणजे 'काचमहालाची बखर'. ती राजाज्ञेने लिहायला घेतली १८२९ साली. अलाउंगसिथूच्या खुनाला तेव्हा ६६२ वर्षं झाली होती! तिच्या आधीची ऊ कला यांची मोठी बखरसुद्धा अठराव्या शतकातली. मंडळी, आपल्या पणजोबांच्या भावकीतलं भांडण कशावरून झालं हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठामपणे सांगता येईल? आणि इथे रात्री जेवणात काय घातलं, पाठुंगळी बसून राजा काय ओरडला, हे सगळं सहाशे वर्षांनी तंतोतंत!

याच बखरीत अनोरथाच्याही आधीच्या एका राजाची गोष्ट आहे. शिकारीत भुकेलेला राजा एका शेतात शिरून न विचारता काकडी खातो. शेतकरी त्याला मारतो. राणी गोंधळ होऊ नये म्हणून त्या शेतकऱ्यालाच राजा म्हणून वाड्यात नेते. गोष्ट मजेदार आहे. पण अगदी अशीच काकडीवाल्या राजाची गोष्ट कंबोडियातही सांगतात. म्हणजे ही लोककथा आहे. फिरत फिरत दरबारात येऊन बसलेली.

आणखी एक सांगते. १२११ साली गादीवर आलेला राजा तिलोमिन्लो. बाप नरपतिसिथूने पाच मुलांना गोल बसवलं, मध्ये राजाची पांढरी छत्री उभी केली. छत्री कलली ती सर्वांत धाकट्याकडे, म्हणून तो राजा झाला. त्याच्या नावाचा अर्थच लोक तसा लावतात, की 'छत्रीने ज्याला निवडलं तो राजा'. आणि अभ्यासकांनी दाखवून दिलंय की मुळात ते नाव पाली आहे: 'तिलोकमंगल', तिन्ही लोकांचं मंगल! उच्चार झिजला, मूळ अर्थ विसरला गेला, आणि झिजलेल्या नावाला शोभेल अशी गोष्ट तयार झाली. आपल्याकडे गावांच्या नावांवरून अशा कितीतरी गोष्टी रचलेल्या आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नरथूला मारलं कुणी यावरही एकमत नाही. बखर म्हणते, त्याने एका परदेशी राणीला मारलं, म्हणून तिच्या बापाने ब्राह्मणांच्या वेषात आठ मारेकरी धाडले. ल्यूस नावाच्या मोठ्या संशोधकाने सिंहली स्वारीकडे बोट दाखवलं. तर १९७० साली ब्रह्मी विद्वान थिन आँग यांनी बखरींची बाजू घेऊन अख्खं पुस्तकच लिहिलं.

पण थांबा. 'बखरी खोट्या, म्हणून खून झालेच नाहीत' असं मी म्हणणार नाही. ती वकिली झाली. गाद्यांसाठी माणसं मेली, हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या कागदाच्या आधारावर तुम्ही अख्ख्या लोकांचं रक्त तपासताय, तो कागद तपासणीचा नाही, गोष्टीचा आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते मुख्य. माणसं मेली ती का मेली?

पगानमध्ये थोरल्या मुलालाच गादी मिळेल असा पक्का नियम नव्हता. राणीचा मुलगा, उपराणीचा मुलगा, राजाचा भाऊ, सगळेच दावेदार. राजाच्या राण्या अनेक, म्हणून मुलं अनेक, आणि प्रत्येक मुलामागे त्याच्या आईचं माहेर आणि त्याच्या जिवावर वर येऊ पाहणारे सरदार. १२५६ साली उझाना राजा हत्तीच्या शिकारीत गेला, तेव्हा राणीच्या मुलाला डावलून प्रधान याझथिंजान याने उपस्त्रीच्या लहान मुलाला गादीवर बसवलं. कारण काय, तर म्हणे थोरल्याने प्रधानाच्या अंगरख्यावर विड्याची पिंक टाकली होती. पिंक टाकली की नाही देव जाणे, पण आज्ञेत राहील असा पोरगा प्रधानाला हवा होता हे समजायला बखर लागत नाही. तोच पोरगा म्हणजे पुढे मुलाच्या हातून विष प्यालेला नरथिहपते.

त्यात आणखी एक गोष्ट होती. राजा व्हायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं, ही तिथली श्रद्धा. आता पुण्य कुणाचं जास्त हे मोजायचं कसं? तर जो जिंकला त्याचं! म्हणजे बंड फसलं तर तो द्रोही, जमलं तर तो पुण्यवान. अशा व्यवस्थेत गादीवर बसलेल्याला प्रत्येक भावाची भीती वाटणार, आणि प्रत्येक भावाला गादीवरच्याची. सॉलू पाठुंगळीवरून ओरडला तो याच भीतीने.

मंडालेलाही तेच. थिबाचा बाप मिंडोन याला शंभरावर मुलं. १८६६ साली त्याच्याच दोन मुलांनी त्याच्या भावाला, म्हणजे नेमलेल्या वारसाला, ठार केलं. त्या धसक्याने मिंडोनने पुढे वारसच ठरवला नाही. त्याचं फळ १८७९ची कत्तल. त्या कत्तलीचं समर्थन मी करत नाही, कुणी करूही नये. पण वर्गात कुणाला मॉनिटर नेमलं नाही आणि मारामारी झाली, तर मी पोरांची जात काढत नाही. बाई वेळेवर का आल्या नाहीत, हे आधी बघते.

आणि बाळा, आता जरा घरी ये. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांच्या पुढे पळत काकाच्या कमरेला मिठी मारतो, ही आपलीच गोष्ट ना? आपणही त्यातला गुंता सोडून 'ध चा मा' सांगत बसतो आणि सगळं एका बाईच्या माथी मारतो. पण 'पुणेकरांच्या रक्तातच आहे' असं कुणी म्हणालेलं ऐकलंस? आपण म्हणतो, गादीचा लोभ वाईट. आपल्या घरात लोभ, त्यांच्या घरात रक्त. हा कुठला न्याय?

तिसरी गोष्ट. रक्तातच असतं तर ते प्रत्येक वेळी दिसायला हवं होतं. दिसलं का?

परत क्यान्सित्थाकडे या. सॉलू मेल्यावर १०८४ला तो राजा झाला. तो राजपुत्र होता की नाही याचीच खात्री नाही, म्हणजे रक्ताचा हिशोब इथेच बिघडला! अनोरथाने त्याला हाकलून दिलं होतं, त्या वनवासात त्याने एका मुलीशी लग्न केलं. तिला मुलगा झाला, त्याचं नाव राजकुमार. इकडे राजा झाल्यावर क्यान्सित्थाने आपली मुलगी सॉलूच्या मुलाला दिली आणि त्यांच्या मुलाला, आपल्या नातवाला, वारस ठरवलं. हाच पुढचा अलाउंगसिथू. एकाच मुलात दोन्ही घराणी आली, भांडणाचं मूळच खुडलं. पण स्वतःचा मुलगा राहिला ना! बखरीप्रमाणे राजकुमार आईबरोबर दरबारात आला तेव्हा वारस ठरून गेला होता.

आता वर सांगितलेल्या यादीप्रमाणे इथे काय व्हायला हवं? विष, निदान बंड तरी. राजा मरणपंथाला लागलेला, मुलगा मोठा आणि जवळ. आणि झालं काय, हे बखरीतून नाही तर दगडातून कळतं. त्याच काळातल्या, १११२-१३ सालच्या. तो म्याझेदीचा शिलालेख. पाली, प्यू, मोन आणि ब्रह्मी अशा चार भाषांत एकच मजकूर. याच्याच मदतीने १९११ साली ब्लॅगडेन यांना मेलेली प्यू भाषा वाचायची वाट सापडली. २०१५ साली युनेस्कोच्या 'जगाच्या स्मृती' यादीत तो आला.

त्यात लिहिलंय ते साधं आहे. बुद्धाच्या निर्वाणाला १६२८ वर्षं झाली तेव्हा अरिमद्दनपुरात श्री त्रिभुवनादित्य धम्मराज हा राजा झाला. (बघा, नावं वाचायला शब्दकोश लागत नाही.) त्याच्या लाडक्या राणीचा मुलगा राजकुमार. राणी वारली तेव्हा तिचे दागिने आणि दासांची तीन गावं राजाने या मुलाला दिली. राजा २८ वर्षं राज्य करून मरणाच्या दारी आला, तेव्हा बापाचे उपकार आठवून मुलाने सोन्याची बुद्धमूर्ती केली आणि त्याच्यापुढे आणली. राजा आनंदून साधु साधु म्हणाला. मग मुलाने मूर्तीसाठी देऊळ बांधलं आणि ती गावं तिला वाहिली.

एवढंच. गादीबद्दल एक अक्षर नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही मोह झाला, की हा ब्रह्मदेशचा भरत म्हणून रंगवून सांगावं. पण नको. दगड तसं म्हणत नाही. शिवाय वाहिलेली गावं दासांची होती, त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, हेही विसरू नये. संत वगैरे म्हणू नका त्याला. पण तो राजा झाला नाही, भाचा राजा झाला, आणि वारस आधीपासून ठरलेला होता, एवढं पुरे आहे मला. त्याच पगानमध्ये, त्याच घराण्यात आणि, तुमच्याच भाषेत, त्याच रक्तात.

आणि तो छत्रीवाला तिलोमिन्लो. चार थोरले भाऊ डावलून राजा झालेला. बखर म्हणते, त्याने भावांना मारलं नाही. त्यांना एकत्र बसवून कारभार बघायला लावला. त्या बैठकीतून 'ह्लुत्तॉ' सुरू झालं, असं ब्रह्मी लोक मानतात. ही गोष्ट बखरीचीच आहे, हे मी विसरलेले नाही. पण बखरीतले खून खरे धरायचे आणि बखरीतला समेट गाळायचा, असं नाही चालणार. एक तर दोन्ही घ्या, नाही तर दोन्ही सोडा.

हा ह्लुत्तॉ शब्द लक्षात ठेवा, कारण पुतण्याचं शेवटचं वाक्य राहिलंय. 'अजून बघा तिकडे काय चाललंय.'

बघू या. त्या देशाच्या संसदेला आजही ह्लुत्तॉच म्हणतात. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतं देऊन ती निवडली. नवी संसद १ फेब्रुवारी २०२१ला बसायची होती. त्याच दिवशी पहाटे लष्कराने पुढाऱ्यांना पकडून सत्ता घेतली. नंतरच्या दिवसांत गावोगावी लोक रस्त्यावर आले. बायका रात्री दारात उभ्या राहून भांडी बडवत होत्या. शिक्षक, डॉक्टर, रेल्वेचे कामगार कामावर जायचे थांबले. किती तरी जण गोळीला बळी पडले. ज्या लोकांना 'गादी कुणाची' हे मतपेटीने ठरवायचं होतं, आणि त्यासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांनाच आपण म्हणायचं, की हे तुमच्या रक्तात आहे? म्हणजे मारणारा आणि मरणारा एकाच माळेत! हे वाक्य त्या सेनापतींना किती सोयीचं आहे, याचा विचार केलास का रे?

१८८५ला ते सागवानवाल्यांच्या कामाला आलं. आता बंदूकवाल्यांच्या येतंय. गादी कुणाकडे जाणार हे ठरवणारा नियम नसला, किंवा असलेला नियम शस्त्राच्या जोरावर मोडला, की माणसं मरतात. पगानला, मंडालेला, पुण्याला, कुठेही. हे एवढं शिकायला इतिहास वाचायचा. दुसऱ्याचं रक्त तपासायला नाही.

बास. दमले मी. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

आठवीतली ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. कुठे असते ठाऊक नाही. हे कधी तिच्या वाचनात आलंच, तर: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. इंग्रजांचं कुणी मारलं नव्हतं. तुला गप्प केलं, ती चूक माझी.

आणि पुतण्या, तुझे फोटो खरंच छान आहेत. म्याझेदीच्या दगडाचा असेल तर तोही टाक. तो मी अजून पुस्तकातच पाहिलाय. दिवाळीला येशील तेव्हा भांडू, चकल्या करून ठेवते.

इतर मंडळींनी प्रतिक्रिया जरूर लिहाव्यात. माझं चुकलं असेल तर स्पष्ट दाखवा. लाल पेन आता तुमच्या हातात आहे.